साकारियाच्या वहीतला शुक्रवार

साकारिया आयुष्यात अर्ध्या मिलिमीटरचंही खोटं बोलला नाही. लोतोफाऊ गावात त्याच्याबद्दल एवढं एक सगळ्यांना मान्य होतं. बाकी मग हट्टी म्हणा, चिडका म्हणा. तो स्तोत्र म्हणायला लागला की कोंबड्या नीरफणसाच्या झाडावर चढून बसायच्या, हेही खरं.

त्याच्या अंगणात सरकारी पावसाचा डबा होता. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला हा बाहेर यायचा, डब्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचा, नळी डोळ्यांसमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि आकडा वहीत लिहायचा. महिना संपला की तेच आकडे छापील कागदावर उतरवून बसनं आणि बोटीनं राजधानीला, अपियाच्या हवामान कचेरीला धाडायचा. एकतीस वर्षं असं चाललं होतं. लेकीच्या लग्नात नवरामुलगा दारात उभा होता, नऊ वाजले होते, आणि हा डब्यापाशी. रेपेकानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाहुण्यांना सांगितलं, "थांबा जरा. आभाळ काय म्हणतंय ते बघतोय, मग तुमच्याकडे बघेल."

साकारिया आणि रेपेका दोघं शनिवारवाले. गाव सगळं ख्रिस्ती, पण बाकीचे रविवारी देवळात जाणारे. शनिवारवाल्यांची घरं वीस-बावीस, पण तोरा दोनशे घरांचा. देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि तो सातवा दिवस, शब्बाथ, म्हणजे शनिवार, हे फक्त आपल्यालाच कळलं, अशी त्यांची चाल. शुक्रवारी सूर्य समुद्रात बुडाला की यांची चूल विझायची, ती शनिवारी बुडेपर्यंत. कुदळ नाही, जाळं नाही, झाडू नाही. डुक्कर आणि खेकडा तर कुठल्याच दिवशी नाही.

पण पावसाला कोण सांगणार? तो शनिवारीही पडायचा. साकारियानं त्यावर स्वतःच एक कायदा काढला होता: नळीकडे बघणं म्हणजे काम नव्हे, लिहिणं म्हणजे काम. म्हणून शनिवारी तो नऊ वाजता बघायचा, आकडा तोंडात घोळवत ठेवायचा आणि सूर्य बुडाला की लिहायचा. देवळातसुद्धा त्याचे ओठ हलायचे. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे. तो म्हणत असायचा, साडेबावीस, साडेबावीस.

मग सरकारला चेव आला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या उजवीकडून डावीकडे नेल्या होत्या. त्यात आमच्याकडची एक गाय आणि दोन कुत्री गेली, त्यापलीकडे काही बिघडलं नाही. तेवढ्यावर त्यांचा धीर वाढला. न्यूझीलंडात सोमवारी दुकानं उघडायची तेव्हा आमचा रविवार चालू असायचा, व्यापाऱ्यांची पंचाईत व्हायची. म्हणून ठरलं, आपण एक दिवस उडी मारायची. २०११ सालचा डिसेंबर. एकोणतीस तारखेला गुरुवारी झोपायचं आणि एकतीस तारखेला शनिवारी उठायचं. मधला शुक्रवार नाहीच. देवाला जग करायला सहा दिवस लागले. यांनी एका सहीत एक दिवस खाल्ला.

रविवारवाल्यांना काही फरक पडला नाही. नाव रविवार, दिवस रविवार, चला देवळात. गावात एका बाईची साठी नेमकी तीस तारखेला होती, ती आजतागायत आपलं वय एकोणसाठ सांगते. बाकी सगळं ठीक. अडकले ते शनिवारवाले. गुरुवारनंतरचा दिवस सरकारी हिशेबानं शनिवार, पण बोटांवर मोजला तर सहावाच. खरा सातवा दिवस आता सरकारी रविवारी येणार. मग विसावा कधी घ्यायचा? नावाच्या दिवशी की मोजणीच्या?

शनिवारवाल्यांच्या देवळाचा पाळक मालाकी, त्यानं पंथाच्या वरिष्ठांचं पत्र वाचून दाखवलं. मोजणी मोडायची नाही. सात म्हणजे सात. आपण यापुढे सरकारी रविवारी उपासनेला बसायचं. "शेजारच्या टोंगा बेटांवरचे आपले लोक शंभर वर्षं रविवारीच बसताहेत," मालाकी म्हणाला, "त्यांच्यावर काही वीज पडली नाही."

साकारियाला पटलं. मोजणीचा माणूस तो, त्याला मोजणी पटणारच.

रेपेकाला मात्र मुळीच पटलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सूर्य बुडायला आला तशी तिनं चुलीवर पाणी ओतलं.

"हे काय? गुरुवारी कोण चूल विझवतं?" साकारिया म्हणाला.

"उद्या शनिवार आहे."

"उद्या सहावा दिवस आहे. शब्बाथ परवा."

"कॅलेंडर बघ."

"कॅलेंडर गॅसच्या दुकानदारानं छापलंय."

"आणि तुझा पावसाचा कागद काय मोशेनं दगडात खोदलाय?"

रेपेका काही एवढ्यावर थांबणारी नव्हती. "ऑकलंडला आपली लेक शनिवारी देवळात बसते. आता तिचा आणि आपला सूर्य एक, तारीख एक, वार एक. ती तिकडे आमेन म्हणणार आणि मी इकडे केळी सोलत बसू? आणि दुसरं सांगते. चाळीस वर्षं मी सेफिनाताईला ऐकवलं, की तुम्ही रविवारवाले चुकीच्या दिवशी देवाच्या दारात उभे राहता, आत कुणी नसतं. आता त्याच दिवशी, त्याच वेळी, पांढरे कपडे घालून मी तिच्या घरासमोरून जाऊ? ती ओट्यावर खुर्ची टाकून बसेल बघ."

सेफिना तिची थोरली बहीण, पक्की रविवारवाली, आणि खुर्ची टाकून बसण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

"म्हणजे देवाचं काही नाही, ताईचं आहे," साकारिया म्हणाला.

"देव मला टोमणे मारत नाही," रेपेका म्हणाली.

झालं. मंडळी दुभंगली. बारा घरं मालाकीबरोबर देवळात राहिली, आठ-नऊ घरं शनिवार धरून खोबरं वाळवायच्या जुन्या शेडमध्ये जमायला लागली. एका बाजूला गॅसच्या रिकाम्या टाकीवर हातोडा मारून बोलावणं, दुसऱ्या बाजूला तेलाच्या पिंपावर. रेपेकानं आपली चटई गुंडाळून शेडमध्ये नेली. ती चटई तिनं आणि साकारियानं मिळून अडतीस वर्षं वापरली होती. डावीकडे तो बसायचा तिथं त्याच्या मांडीचा खळगा पडला होता. ती घेऊन ती गेली, आणि साकारिया त्या रविवारी देवळात उघड्या फरशीवर बसला.

त्याला फरशी टोचली असं नाही. शेजारची जागा टोचली. अडतीस वर्षांत रेपेका आजारी पडली तेवढेच काय ते दोन शब्बाथ तो एकटा बसला होता. आता दर आठवड्याला एकटा. आणि जेवण म्हणाल तर तिचं शुक्रवारी रांधून ठेवलेलं शनिवारी, याचं शनिवारी रांधलेलं रविवारी. अळूची पानं नारळाच्या दुधातली तीच, पण दोघांची ताटं दोन दिवशी. तो जेवायचा तेव्हा ती भांडी घासायची आणि ती जेवायची तेव्हा तो लाकडं फोडायचा.

"मोठ्यानं फोडतोस," ती म्हणायची.

"लाकडं हळू फुटत नाहीत."

"माझ्या शब्बाथला फुटतात बरोबर."

त्याला ती परत चटईवर हवी होती, एवढंच. पण त्यासाठी खोटी मोजणी तो करणार नव्हता. आणि तिलाही तो हवा होता, पण ती सेफिनाच्या ओट्यासमोरून जाणार नव्हती.

आता वहीचं सांगते, इथं नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथंच आहे. कचेरीनं आधीच चिठ्ठी पाठवली होती, की तीस डिसेंबरची ओळ रिकामी सोडा. पण छापील कागदावर तीसची ओळ होती. साकारियानं एकतीस वर्षांत एक ओळ रिकामी सोडली नव्हती. गुरुवारनंतरच्या त्या सकाळी नऊ वाजता डब्यात सतरा मिलिमीटर पाणी होतं. स्वच्छ सतरा. पाऊस पडलाय, ओळ आहे, मोजणीनं तीस तारीख आहे. त्यानं तीसच्या ओळीत सतरा लिहिलं. दुसऱ्या दिवसाचं एकतीसमध्ये. मग त्याच्या मोजणीची एक जानेवारी एकच्या ओळीत. अशी त्याची वही सरकारच्या एक दिवस मागून चालायला लागली, आणि त्याच्या मते सरकार त्याच्या एक दिवस पुढून.

जानेवारीचा कागद गेला, फेब्रुवारीचा गेला. अपियातल्या लोकांनी सगळ्या बेटाचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि डोकं खाजवलं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत दहा तारखेला धो धो पाऊस, लोतोफाऊत नऊला. सगळीकडे बावीसला, लोतोफाऊत एकवीसला. प्रत्येक वेळी बरोब्बर एक दिवस आधी. बसच्या ड्रायव्हरला कचेरीतल्या कुणीतरी हसत हसत सांगितलं, ड्रायव्हरनं गावात सांगितलं, आणि ड्रायव्हरचं हसणं रस्त्यात कुठंतरी गळून पडलं.

पुढच्या रविवारी मालाकी उपदेशाला उभा राहिला. "बंधूंनो, सरकारनं दिवस चोरला, पण देवाचा पाऊस खऱ्या दिवशी पडतो. आपल्या साकारियाच्या डब्यात तो आधी येतो, कारण हा डबा मोजणी पाळणाऱ्याच्या अंगणात आहे." लोकांनी आमेन म्हटलं. साकारियाला आनंद झाला का? झाला. कोणाला होणार नाही? पण घरी येऊन त्यानं डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत डोकावून बघितलं. डबा तोच होता. लोक कपडे वाळत घालायच्या आधी विचारायला यायला लागले, "आजोबा, उद्या पडेल का?" तो म्हणायचा, "मला पडलेला कळतो, पडणारा नाही." ते मान डोलवून जायचे. नम्र आहे, म्हणायचे.

शेडवाले म्हणायचे, सैतानाचा डबा आहे.

मार्चमध्ये, एका बुधवारी, अपियाहून लानुओला नावाची कचेरीतली मुलगी आली. पॅन्ट घातलेली, काखेत नवा कोरा दुसरा डबा. हे आश्चर्य स्वतः बघायला तिच्या साहेबांनी पाठवलं होतं. ती आली तेव्हा अर्धा गाव साकारियाच्या अंगणात होता. मालाकी सर्वात पुढे, इस्त्रीच्या शर्टात. शेडवाले कुंपणापलीकडे. रेपेका दारात, हात पुसत.

लानुओलानं डबा मोजला, नळी मोजली, झाडं किती लांब आहेत ते बघितलं. सगळं ठीक. मग म्हणाली, "काका, मी आले होते एवढी नोंद करते वहीत. तुम्ही सही करा, तारीख घाला, मी खाली करते."

साकारियानं सही केली. तेरा तारीख घातली.

लानुओलानं पेन टेकवलं आणि थांबली. "काका, आज चौदा आहे."

"तुमच्याकडे."

"आमच्याकडे म्हणजे?"

"सरकारकडे."

ती वहीची पानं मागं उलटत गेली. तीस डिसेंबरपाशी आली. तिथं सतरा. पोरगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. कुंपणापलीकडे मात्र कुणीतरी हसलं.

"काका, तुमच्या गावात पाऊस आधी पडत नाही. तुमची तारीख मागे आहे."

"पाऊस खोटा आहे का त्यातला?"

"नाही. एक थेंबही खोटा नाही. पण ही वही अशी राहिली तर मला डबा उचलून शेजारच्या गावात ठेवायला लागेल. सोमवारच्या बसनं एकतीस डिसेंबरपासूनच्या पंचाहत्तरच्या पंचाहत्तर ओळी नीट तारखेनं लिहून पाठवा. मग काही प्रश्न नाही."

ती गेली आणि मालाकीनं साकारियाला बाजूला घेतलं. "बदलू नकोस. बदललीस की तो दिवस गेला असं तूच लिहून दिलंस. मग आमची मोजणी कुठं राहिली? लोक उद्या शेडमध्ये जातील."

तो गेला तेवढ्यात शेडवाल्यांपैकी एक कुंपणावर वाकला. "बदल रे बदल. आणि बदललीस की ये शनिवारी. तुझी चटई आमच्याकडेच आहे, खळग्यासकट."

साकारिया गुरुवारभर वहीपाशी बसला, शुक्रवारभर बसला, सुधारलेली एक ओळ लिहिली नाही. वही सुधारली तर रेपेकाच्या शेजारी बसायला मिळणार होतं. बहाणा हातात आयता आला होता. पण बहाण्यानं चटईवर बसलो तर तिकडे देवाला काय सांगणार, साडेबावीस?

शनिवारी सकाळी नऊ वाजता त्यानं नळी बघितली, आकडा लिहिला, आणि नवा कागद पुढे ओढला. तीसच्या ओळीत एक आडवी रेघ मारली. मग एकतीसच्या ओळीवर आला, आणि तिथंच अडकला. जवळचा चष्मा लावला तर जुनी वही दिसत नव्हती आणि वहीकडे मान वळवली की नव्या कागदावरची ओळ चुकत होती. पंचाहत्तर ओळी. एक आकडा इकडचा तिकडे झाला की सगळं पुन्हा.

दुपारी रेपेका शेडमधून परतली. पांढऱ्या कपड्यांवर खोबऱ्याचा वास. ती दारात उभी राहून बघत राहिली. "काय चाललंय?"

"दिसतंय ना."

तिनं ती आडवी रेघ बघितली. काखेतली चटई जमिनीवर अंथरली, वही त्याच्या हातातून घेतली आणि बसली.

"तुझा शब्बाथ आहे," तो म्हणाला.

"वाचणं म्हणजे काम नव्हे. बायबल वाचत नाही का आम्ही? लिही. सतरा."

"सतरा."

"शून्य."

"शून्य."

"शून्य. साडेचार. तुझा चार आहे की नऊ हा? कोंबडीनं लिहिल्यासारखं लिहितोस."

"चार."

असं जानेवारी संपेपर्यंत चाललं. फेब्रुवारीत तिनं वही मांडीवर ठेवली. "म्हणजे पुढच्या शनिवारी येशील शेडमध्ये."

"नाही."

"मग ह्या तारखा कशाला बदलतोयस?"

साकारियानं चष्मा काढून शर्टानं पुसला. "पावसाची तारीख सरकारनं मागितली. त्याची वही, त्याची तारीख, देतो मी. देवानं तारीख कुठं मागितली? त्यानं सात मागितले. ते मी बोटांवर मोजले, ते उद्या होतात. मी काय करू?"

"दोघांना दोन हिशेब देतोस."

"दोघांनी दोन गोष्टी विचारल्या."

"गाढव आहेस."

"आहे."

तिनं वही उचलली. "एकोणीस," ती म्हणाली, आणि त्यानं एकोणीस लिहिलं. सूर्य बुडायच्या आत पंचाहत्तराव्या ओळीवर आले. अडीच महिन्यांत एका चटईवर बसून केलेला तेवढाच एक शब्बाथ, तोही एकाचाच, आणि तोही पावसाचे आकडे म्हणून. पण त्या दिवशी डावीकडच्या खळग्यात त्याची मांडी होती.

शेवटची ओळ वाळतेय तोवर मालाकी कुंपणाशी आला. कागद बघितला, रेघ बघितली. "साक्ष पुसलीस तू," तो म्हणाला.

"डब्यात साक्ष नव्हती हो, पाणी होतं. उद्या येतोय मी उपासनेला."

मालाकीला कळेना, रागवावं की माणूस राहिला म्हणून बरं वाटून घ्यावं. तो तसाच गेला.

रविवारी सकाळी साकारिया निघाला तर रेपेका पांढरे कपडे घालून, चटई काखेत घेऊन फाटकात उभी. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती परत फिरली असती, एवढं अडतीस वर्षांत कळलं होतं. दोघं रस्त्यानं चालायला लागले. सेफिनाच्या घरासमोर आले. सेफिना ओट्यावर खुर्ची टाकून बसलीच होती, टोपी घालून, स्वतःच्या देवळाला निघायच्या बेतात.

"आलीस का गं शेवटी रविवारी?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं लागली."

रेपेकानं पाऊलही हळू केलं नाही. "मी देवासाठी नाही निघाले, ताई. देवाचं माझं काल झालं. ह्याला उपदेशात झोप लागते आणि घोरतो. कोपर मारायला माणूस लागतं."